फिडलच्या मागावर : मेबन ते बोल्टन

शनिवार : मेबन, नॉर्थ कॅरोलायना

प्रवास मेबनपासूनच सुरू करायचा, हे मामाने सांगलीहून निघण्याआधीच ठरवून टाकलं होतं. मी त्याला जो थॉम्पसन या कृष्णवर्णीय फिडलरचं एक रेकॉर्डिंग पाठवलं होतं. फिडल म्हणजे व्हायोलिनच, लोकसंगीतातलं. मामाने उभं आयुष्य नाट्यसंगीताला आणि भजनाला व्हायोलिनची साथ केली आहे. ते ऐकून त्याने फोनवर एवढंच विचारलं, "हा माणूस कुठल्या गावचा गं?"

मेबनचा. आमच्या केरीहून इंटरस्टेट ४० ने तासाभराच्या आत येणारं गाव. जो थॉम्पसन १९१८ साली इथून जवळच जन्मला आणि २०१२ मध्ये वारला. वडील फिडल वाजवायचे, आजोबाही वाजवायचे. आजोबांचा जन्म गुलामगिरीतला. लहानग्या जोच्या हाती पहिली फिडल आली तेव्हा तिला तारा नव्हत्या, तर त्याने दाराच्या जाळीतल्या तारा उपसून तिला लावल्या. शरद ऋतूत मक्याची कणसं सोलायला शेजारपाजार एका घरी जमायचा. काम आटोपलं की जेवण, आणि जेवण झालं की नाच. त्या नाचाला थॉम्पसनांच्या घरची फिडल आणि बँजो, म्हणजे छेडून वाजवायचं तंतुवाद्य. बास नाही, ढोल नाही. ठेका धरायला नाचणाऱ्यांचे पाय होतेच.

पोटासाठी जो गावातल्या फर्निचरच्या कारखान्यात काम करायचा. कारखान्याची लांबलचक विटांची इमारत गावाच्या मध्यावर अजून उभी आहे, आता तिथे लोक राहतात. आम्ही तिच्या भोवती एक चक्कर मारली. मामाला कारखान्यापेक्षा आजूबाजूच्या शेतांत जास्त रस होता. "नाच व्हायचे ती घरं कुठे असतील?" हे तो वाटेतल्या प्रत्येक जुन्या घराकडे पाहून विचारत होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर ते नाच थांबले. रेडिओ आला, तरुण मंडळी शहरात गेली आणि फिडल पेटीत गेली. १९७० च्या दशकात लोकसंगीताचे अभ्यासक शोधत आले, तेव्हा जो आणि त्याचा चुलतभाऊ ओडेल यांनी पुन्हा फिडल-बँजो हातात घेतले. १९९० मध्ये ते न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलपर्यंत पोचले. १९९४ मध्ये ओडेल गेला. मग २००५ च्या एप्रिलमध्ये याच राज्यातल्या बून गावी, अ‍ॅपलाचियन स्टेट विद्यापीठात, कृष्णवर्णीय बँजोवादकांचा मेळावा भरला. तिथे भेटलेली तीन तरुण मंडळी, रिआनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन, दर गुरुवारी संध्याकाळी जोच्या घरी येऊन बसू लागली. तेव्हा जो पंचाऐंशीच्या पुढे होता, त्याआधी पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. कागद नाही, नोटेशन नाही. तो वाजवायचा, ही मुलं मागून वाजवायची. त्यातूनच 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' हा वाद्यवृंद उभा राहिला, आणि त्यांच्या २०१० च्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. २०२५ मध्ये गिडन्स आणि रॉबिन्सन यांनी फिडल-बँजोचा नवा अल्बम काढला. त्यातली काही गाणी त्यांनी जोच्याच घराच्या आवारात, उघड्यावर, पाखरांच्या आवाजासकट रेकॉर्ड केली आहेत.

दुपारी एका झाडाखाली गाडी लावून आम्ही जोचे जुने व्हिडिओ पाहिले. मामाचं लक्ष सारखं उजव्या हाताकडे. "गज आखूड चालवतोय बघ. लांब ओढतच नाही. आणि दोन तारा एकदम धरतोय, एक सुराला आणि एक आधाराला." मग थोडं थांबून म्हणाला, "हा नाचणाऱ्याच्या पावलाला वाजवतोय. श्रोत्यासाठी नाही." मला वाटतं, या सगळ्या संगीताबद्दल इतकं नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

रविवार : नॉक्सव्हिल, टेनेसी

ब्लू रिज डोंगर ओलांडल्यावर पिजन नदीच्या घळीत रस्ता अरुंद झाला. सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळात इंटरस्टेट ४० चा मोठा तुकडा नदीने खाल्ला, त्याची दुरुस्ती अजून चालू आहे. गाड्या सरपटत होत्या आणि मामाला बोलायला निवांत वेळ मिळाला होता.

"व्हायोलिन तर युरोपातलं. या लोकांच्या हातात आलं कसं?"

हा प्रश्न बहुतेकांना पडतो आणि उत्तर बहुतेकांना अर्धंच मिळतं, की गोऱ्या मालकांनी त्यांना ते शिकवलं. पण गजाने वाजवायचं वाद्य पश्चिम आफ्रिकेला नवं नव्हतं. हौसा लोकांचं गोजे, घानाच्या उत्तरेकडचं गोंजे, सेनेगल-गांबियाकडचं रिती ही सगळी एका तारेची वाद्यं. भोपळ्यावर कातडं ताणलेलं, तार घोड्याच्या केसांची आणि गजही घोड्याच्या केसांचा. या वाद्यांचे कान आणि हात घेऊन आलेल्या माणसांना इथे चार तारांची फिडल मिळाली. बँजो तर आफ्रिकेतल्याच भोपळ्याच्या वाद्यांतून घडला. फिडल आणि बँजो ही जोडी, जिला आज जग 'गोऱ्या डोंगराळ लोकांचं संगीत' म्हणून ओळखतं, ती या माणसांच्या हातून इथे जुळली.

कायद्याचाही भाग होता. १७३९ मध्ये साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. ते ढोल वाजवत निघाले होते. पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, तिथल्या कायद्याने गुलामांना ढोल, शिंगं आणि मोठ्या आवाजाची इतर वाद्यं बंद केली. फिडल त्या यादीत नव्हती. उलट मालकांच्या घरचे नाच तिच्यावाचून होत नसत, त्यामुळे चांगल्या फिडलरला विकत घेताना जास्त किंमत पडे. अठराव्या शतकातल्या वर्तमानपत्रांत पळून गेलेल्या गुलामांना पकडून देण्याच्या जाहिराती असत. त्यांत उंची, अंगावरचे व्रण, कपडे यांच्या वर्णनाशेजारी 'फिडल वाजवतो' ही ओळखीची खूण पुन्हा पुन्हा येते. फिडल हातात असेल तर माणूस ओळखू येईल, इतकी ती त्या आयुष्याचा भाग होती.

मी मामाला सॉलोमन नॉर्थअपचं सांगितलं. न्यूयॉर्क राज्यातला स्वतंत्र माणूस, फिडलर. १८४१ मध्ये सर्कशीत वाजवण्याचं काम देतो म्हणून त्याला दक्षिणेकडे नेलं आणि गुलाम म्हणून विकलं. लुइझियानात बारा वर्षं काढून सुटल्यावर, १८५३ मध्ये, त्याने आपली हकिगत छापली. त्या काळोखात फिडल आपल्याला जगवत होती, असं तो लिहितो. आणि तीच फिडल त्याला मालकाच्या हुकमावरून, दिवसभर राबून थकलेल्या माणसांना नाचवण्यासाठीही वाजवावी लागे. दोन्ही गोष्टी एकाच वाद्याच्या. मामा बराच वेळ काही बोलला नाही.

नॉक्सव्हिलला पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. इथे आमचा माणूस हॉवर्ड आर्मस्ट्राँग, टोपणनाव 'लुई ब्लुई'. १९०९ चा जन्म, बालपण उत्तरेकडच्या लाफॉलेट गावी. वडील लोखंडाच्या भट्टीवर कामाला. त्यांनी लाकडी खोक्याची पहिली फिडल त्याला करून दिली. गावात कामासाठी आलेले इटालियन आणि इतर युरोपीय लोक होते. त्यांच्यात खेळून आर्मस्ट्राँग त्यांच्या भाषा शिकला आणि पुढे शिकागोत त्यांच्याच वस्त्यांत जाऊन त्यांची गाणी त्यांच्या भाषेत गाऊन पैसे मिळवू लागला. चित्रकार, गोष्टीवेल्हाळ, मेंडोलिनवरही तसाच हात. २००३ पर्यंत जगला.

१९३० मध्ये व्होकॅलियन कंपनीने नॉक्सव्हिलच्या सेंट जेम्स हॉटेलात रेकॉर्डिंगचं सामान लावलं. आर्मस्ट्राँग, त्याचा भाऊ आणि कार्ल मार्टिन यांनी तिथे दोन तुकडे वाजवले, 'नॉक्स काउंटी स्टॉम्प' आणि 'वाइन स्ट्रीट ड्रॅग'. कंपनीने ही एकच तबकडी दोन मालिकांत काढली. कृष्णवर्णीयांसाठीच्या 'रेस' मालिकेत नाव दिलं 'टेनेसी चॉकलेट ड्रॉप्स', आणि गोऱ्यांसाठीच्या 'हिलबिली' मालिकेत 'टेनेसी ट्रिओ'. तेच तिघे, तेच तीन मिनिटांचं वाजवणं. ऐकणाऱ्याला कळत नव्हतं की वाजवणारा काळा की गोरा, हे कंपनीला पक्कं ठाऊक होतं. तरी दुकानात तबकड्या दोन वेगळ्या फळ्यांवर गेल्या.

त्या फळ्यांचीच ही सगळी कहाणी आहे. १९२० मध्ये मेमी स्मिथची ब्लूजची, म्हणजे काळ्यांच्या संथ, दुखऱ्या गाण्यांची, तबकडी धो धो खपली आणि कंपन्यांना कृष्णवर्णीय गिऱ्हाईक दिसलं. १९२३ मध्ये अटलांटाचा गोरा फिडलर जॉन कार्सन खपला आणि खेड्यातलं गोरं गिऱ्हाईक दिसलं. तेव्हापासून हिशेब ठरला : काळ्यांनी ब्लूज गायचा, गोऱ्यांनी फिडल वाजवायची. प्रत्यक्ष गावांत मात्र दोघंही दोन्ही करत होते. काळे फिडलर रेकॉर्डिंगला गेले तरी त्यांना 'नाचाचं नको, ब्लूज द्या' असं ऐकावं लागे. जे रेकॉर्ड झालं नाही ते नव्हतंच, असं पुढच्या पिढ्यांनी धरलं. याचा मला राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

वाइन स्ट्रीट शोधायला गेलो. काळ्यांची दुकानं, नाटकगृहं आणि घरं असलेला तो भाग शहर-नूतनीकरणाच्या नावाखाली पाडला गेला. आज तिथे रुंद रस्ते आणि पार्किंग आहे. आम्ही गाडीतच 'वाइन स्ट्रीट ड्रॅग' दोनदा लावलं.

सोमवार : वॉरन काउंटी, मग नॅशव्हिल

वाटेत घड्याळ एक तास मागे गेलं, तो तास आम्ही हमरस्ता सोडून कॅम्पेन या वस्तीसाठी खर्च केला. मोजकी घरं, टेकड्या, गाईगुरं. दर्शनी काही नाही. पण १९४६ आणि १९४९ मध्ये इथे अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, ग्रंथालयासाठी तिघांचं रेकॉर्डिंग झालं : जॉन लस्क फिडलवर, मर्फ ग्रिबल बँजोवर, अल्बर्ट यॉर्क गिटारवर. माझ्या मते अमेरिकेतल्या सगळ्या स्ट्रिंग बँडांत, म्हणजे तंतुवाद्यांच्या वृंदांत, या तिघांसारखा बांधीव मेळ दुसरा नाही. ग्रिबलचा बँजो तीन बोटांनी इतक्या बारीक विणीचा वाजतो की फिडल कुठे थांबली आणि बँजो कुठे सुरू झाला ते सांगता येत नाही. त्यांच्या एका गाण्याचा विषय 'पॅटरोलर', म्हणजे रात्री गुलामांना हुडकत फिरणारे घोडेस्वार पहारेकरी. गाण्यात सांगतात, पळ, तो तुला पकडेल. आणि चाल इतकी खेळकर की पाय थांबत नाही. मामाने ते तीनदा लावायला सांगितलं.

त्यांच्या हयातीत यातलं काहीही बाजारात आलं नाही. ग्रंथालयात पडून राहिलेलं हे संगीत कितीतरी वर्षांनी, १९८९ मध्ये, तबकडीवर निघालं.

संध्याकाळी नॅशव्हिल. फिस्क विद्यापीठाच्या आवारात ज्युबिली हॉल पाहिला. १८७१ मध्ये या विद्यापीठाच्या मुलामुलींच्या गायकवृंदाने दौरे करून कॉलेज वाचवलं, ती गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक असते. मी मात्र जॉन वर्क यांच्यासाठी आले होते. फिस्कमधले संगीताचे प्राध्यापक, स्वतः कृष्णवर्णीय. १९४२ मध्ये त्यांनी शहरातलेच दोन वयस्क वादक, नेथन फ्रेझर (बँजो) आणि फ्रँक पॅटरसन (फिडल), यांचं रेकॉर्डिंग केलं. ते ऐकताना पॅटरसनच्या गजाची ताकद अंगावर येते. भोवती ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ-कार्यक्रमाचं, म्हणजे गोऱ्या फिडलरांचं, नॅशव्हिल. आणि त्याच गावात हे दोघं जवळजवळ कुणालाही माहीत नसलेले. वर्क यांनी ऐकलं म्हणून ते उरले.

वर्क यांच्या वाट्यालाही उपेक्षाच आली. १९४१-४२ मध्ये मिसिसिपीच्या कोअहोमा काउंटीत फिस्क आणि काँग्रेसच्या ग्रंथालयाने मिळून पाहणी केली. तिचं श्रेय दीर्घकाळ लोकसंगीताचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांना गेलं. वर्क यांचं लिखाण छापून यायला २००५ उजाडावं लागलं. आम्ही पुढे चाललो होतो ते त्याच काउंटीत.

मंगळवार : मेम्फिस

बील स्ट्रीटवर दिवसासुद्धा स्पीकरचा गोंगाट असतो. संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांचा पुतळा पाहिला, हातात कॉर्नेट घेतलेला. त्यांचा 'मेम्फिस ब्लूज' १९१२ चा. १९२० च्या दशकात याच रस्त्यावर जग बँड वाजत. मातीच्या किंवा काचेच्या जगमध्ये फुंकून बास काढायचा, सोबत माउथ ऑर्गन, गिटार आणि अनेकदा फिडल. विल बॅट्स हा इथला फिडलर मला फार आवडतो. १९२९ मध्ये फ्रँक स्टोक्स या दमदार गायकाबरोबर त्याने वाजवलं आहे. नाचाची फिडल ब्लूजच्या संथ चालीत बसताना कशी बदलते ते बॅट्सकडे ऐकावं. गज आता लांब ओढला जातो, स्वर घसरवत खाली आणला जातो, गंधार कोमल आणि शुद्धच्या मधे कुठेतरी थरथरतो. मामा म्हणाला, "हा गंधार पेटीवर सापडायचा नाही." एवढ्यासाठीच गजाचं वाद्य ब्लूजला जवळचं होतं.

बाकी मेम्फिसमध्ये गर्दी, ऊन आणि महागडं पार्किंग. दुपारीच निघालो.

बुधवार : क्लार्क्सडेल आणि फॅरेल, मिसिसिपी

ऑक्टोबरचा डेल्टा, म्हणजे मिसिसिपी नदीकाठचा हा सपाट मुलूख, पांढरा असतो. क्षितिजापर्यंत सपाट जमीन, कापसाची बोंडं फुटलेली, शेताच्या कडेला वेचलेल्या कापसाचे बसइतके मोठे गठ्ठे. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात दक्षिणेचा कापूस बंदरांतच अडकला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस लागला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. शेअरांचा जुगार आणि १८६५ ची पडझड त्यातूनच झाली. मुंबईच्या त्या श्रीमंतीचं एक टोक या माणसांच्या गुलामीत अडकलेलं होतं. दुसरं नातं मला जास्त जवळचं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापली, ती काळ्यांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. पुण्यात बसून त्यांना हे दुःख आपल्या घरचं वाटलं होतं. कापसाच्या त्या शेताकडेला उभी राहून मी मामाला ते सांगितलं, आणि सांगताना माझा आवाज भरून आला.

क्लार्क्सडेलच्या चौकात, हायवे ६१ आणि ४९ च्या खुणेवर, एकमेकींत अडकवलेल्या निळ्या गिटारी आहेत. गाव भरून गिटारी : भिंतींवर, पाट्यांवर, दुकानांत. डेल्टा ब्लूज म्युझियम १९१८ च्या जुन्या मालधक्क्याच्या इमारतीत आहे. त्यात पुढे ब्लूजचा मोठा गायक झालेल्या मडी वॉटर्सची स्टोव्हॉलच्या मळ्यावरची खोली आणून ठेवली आहे. जाड ओबडधोबड फळ्यांची ती खोली पाहून कुणीही गप्प होईल. त्या मळ्यावरच लोमॅक्स आणि वर्क १९४१ मध्ये आले होते.

पण मडी तेव्हा एकटा गिटारवाला नव्हता. तो एका स्ट्रिंग बँडमध्ये वाजवत होता आणि त्या बँडचा प्रमुख होता फिडलर हेन्री सिम्स, ऊर्फ सन सिम्स. १८९० चा जन्म, म्हणजे मडीहून पिढीभराने मोठा. १९४२ च्या रेकॉर्डिंगमध्ये 'सन सिम्स फोर' ऐकू येतात : फिडल, मेंडोलिन, गिटारी आणि तरुण मडीचा आवाज. ती फिडल खरखरीत आहे, सुराच्या कडेकडेने चालणारी, काही जणांना कानाला बोचणारी. मला ती अत्यंत प्रिय आहे. १९४३ मध्ये मडी शिकागोला गेला, विजेची गिटार घेतली आणि ब्लूजचा चेहरा बदलला. सिम्स इथेच राहिला, १९५८ मध्ये वारला.

फॅरेल हे सिम्सचं गाव, क्लार्क्सडेलच्या पश्चिमेला. त्याने स्वतःच्या नावावर गायलेल्या एका ब्लूजला गावाचंच नाव आहे. आम्ही गेलो तेव्हा रस्त्यावर एक कुत्रं आणि शेतात चालू असलेलं यंत्र, बाकी कुणी नाही. मामाने गाडीतून उतरून एक फेरी मारली. दुपारचं जेवण तिथेच, गाडीच्या टपावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ठेवून उरकलं.

सिम्सची पहिली रेकॉर्डिंग १९२९ ची, चार्ली पॅटनबरोबरची. पॅटन त्याला विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला घेऊन गेला, पॅरामाउंट कंपनीकडे. ही पॅरामाउंट म्हणजे एका खुर्च्यांच्या कारखान्याची शाखा; फोनोग्राफची कपाटं विकता यावीत म्हणून ते तबकड्या काढू लागले होते. तबकड्याही हलक्या प्रतीच्या, त्यामुळे आज ऐकताना सिम्सची फिडल खरखरीच्या पडद्यामागून येते. डेल्टा ब्लूजचा आद्यपुरुष म्हणून पॅटनचं नाव घेतात, पण त्याच्या शेजारी बसलेल्या फिडलरचं नाव घेणारे थोडे.

गुरुवार : हायवे ६१ ने दक्षिणेकडे, बोल्टन

सकाळी होली रिजला पॅटनची कबर पाहिली. १९३४ मध्ये तो गेला. आजचा दगड १९९१ मध्ये बसवला, त्याचा खर्च गायक जॉन फॉगर्टी यांनी दिला. ब्लूजच्या जागांवर पाट्या लावणाऱ्या मिसिसिपी ब्लूज ट्रेलची पहिली पाटी २००६ मध्ये इथेच लागली. मग हॉलंडेल, जिथे सॅम चॅटमन शेवटपर्यंत राहिला. मग अँग्विला, सिम्सचं जन्मगाव. पुढे रोलिंग फोर्क. मार्च २०२३ च्या टॉर्नेडोने मोडलेलं, अजून सावरत असलेलं.

व्हिक्सबर्गहून पूर्वेला वळून बोल्टन. इथे डेल्टाची सपाटी संपून टेकड्या लागतात. या परिसरात चॅटमन कुटुंब राहायचं. बाप हेंडरसन चॅटमन गुलामगिरीत जन्मलेला फिडलर, आणि घरात वाद्य न वाजवणारं पोर शोधावं लागावं अशी स्थिती. लॉनी फिडलवर, बो आणि सॅम हाताला येईल त्या वाद्यावर. शेजारचा वॉल्टर व्हिन्सन गिटारला आणि गायला. गोऱ्यांच्या सहली आणि नाच, काळ्यांचे शनिवारचे कार्यक्रम, सगळीकडे यांना मागणी. ज्याला जे हवं ते वाजवायचे : वाल्ट्झ, फॉक्सट्रॉट, ब्लूज. १९३० ते १९३५ 'मिसिसिपी शेख्स' या नावाने त्यांनी तबकड्या काढल्या. मडी वॉटर्स तरुणपणी त्यांना ऐकायला मैलोन्मैल चालत गेल्याचं सांगायचा.

१७ फेब्रुवारी १९३० ला लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टमध्ये त्यांनी 'सिटिंग ऑन टॉप ऑफ द वर्ल्ड' रेकॉर्ड केलं. बोल्टनमधल्या ब्लूज ट्रेलच्या पाटीपाशी गाडी लावून आम्ही ते ऐकलं. प्रेयसी सोडून गेली, पण मला चिंता नाही, मी जगाच्या माथ्यावर बसलोय, एवढंच गाणं. व्हिन्सन ते न रडता गातो. आणि लॉनीची फिडल त्याच्या आवाजाला चिकटून चालते. तोच मुखडा, पण किंचित मागून, जिथे तो श्वास घेतो तिथे पुढे येऊन.

मामा खिडकीची काच खाली करून ऐकत होता. "सारंगीवाल्याची साथ आहे ही. गायकाच्या अर्ध्या पावलाने मागे राहायचं, त्याची जागा घ्यायची, आणि तो परत आला की बाजूला व्हायचं. हे कुणाला सांगून येत नाही." पुन्हा लावल्यावर म्हणाला, "गायकाने जे लपवलंय ते हा सांगतोय."

हे गाणं पुढे कुठे कुठे गेलं ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. टेक्ससच्या गोऱ्या बॉब विल्सने १९३५ मध्ये घेतलं. १९३६ च्या रॉबर्ट जॉन्सनच्या 'कम ऑन इन माय किचन'ची चाल याच वळणाची. १९५७ मध्ये हाउलिन वुल्फ, मग इंग्लंडचा क्रीम हा रॉक बँड. बॉब विल्सने फिडल ठेवली, कारण गोऱ्यांच्या फळीवर तिला जागा होती. काळ्यांच्या फळीवरून ती एकेक करत उतरत गेली. शेख्सचे काही वाल्ट्झसुद्धा कंपनीने 'हिलबिली' मालिकेत काढले होते.

कारण एवढंच मात्र नव्हतं. विजेच्या गिटारीपुढे फिडलचा आवाज पुरेना. मंदीत तबकड्यांचा धंदा बसला. शिकागो-डेट्रॉइटला गेलेल्या लाखो माणसांना फिडल म्हणजे मागे टाकलेला मळा वाटू लागली. तोंडाला काळं फासून गोऱ्या नटांनी शंभर वर्षं काळ्या फिडलरची टवाळी केली होती, ती आठवणही तिला चिकटलेली होती. मुलांनी बापाची फिडल हातात घेतली नाही, यात मुलांना दोष देता येत नाही.

शुक्रवार : अटलांटा आणि कॅलहून, जॉर्जिया

परतीला इंटरस्टेट २० धरला. अटलांटात डिकॅटर स्ट्रीटवरून गाडी नेली. १९२० च्या दशकात या भागात पेग लेग हाउएल गिटार घेऊन रस्त्यावर गायचा, सोबतीला फिडलर एडी अँथनी. अँथनीची फिडल ओरडते, हसते, मधेच माणसासारखी हाळी देते. १९२७-२८ च्या तबकड्यांत रस्त्याचा सगळा कल्लोळ आहे. १९३४ मध्ये अँथनी गेला, आणि त्यानंतर हाउएलला वाजवावंसंच वाटेना. १९६३ मध्ये अभ्यासकांनी त्याला शोधून काढलं तेव्हा त्याने हे स्वतः सांगितलं. साथीदार जाण्याचा अर्थ मामाला समजावून सांगावा लागला नाही.

कॅलहूनला वाकडी वाट करून गेलो ते मामाच्या हट्टाने. इथले अँड्र्यू आणि जिम बॅक्स्टर, बापलेक, फिडल आणि गिटार. त्यांच्याच गॉर्डन काउंटीत 'जॉर्जिया येलो हॅमर्स' हा गोऱ्यांचा वाद्यवृंद होता. ऑगस्ट १९२७ मध्ये दोन्ही मंडळी व्हिक्टर कंपनीच्या रेकॉर्डिंगसाठी शार्लटला गेली. तिथे येलो हॅमर्सच्या 'जी रॅग' या तुकड्यात फिडल वाजवली ती अँड्र्यू बॅक्स्टरने. त्या काळात काळा आणि गोरा एका मायक्रोफोनपुढे बसून वाजवतात, असं दक्षिणेत फार क्वचित घडलं. तबकडी निघाली, आणि तिच्या लेबलावर नाव आहे ते फक्त येलो हॅमर्सचं.